प्रोसेसरची पाळी आणि खोळंबलेला सर्व्हर

चालतां चालतां मध्येंच उभें राहणारें यंत्र हें पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षां अधिक त्रासदायक असतें. बंद पडलेल्या यंत्राचा दोष कोठें तरी ठाम सांपडतो. अडखळणारें यंत्र मात्र तपासणारा जवळ आला कीं शहाण्यासारखें चालूं लागतें. सर्व्हर या नांवानें ओळखले जाणारे जे प्रोग्रॅम आज बँकेच्या खात्याची शिल्लक, आगगाडीचें तिकीट किंवा रुग्णालयांतील तपासणीचा अहवाल मागणाराच्या हातीं क्षणार्धांत ठेवतात, त्यांच्या दुखण्यांपैकीं हें एक फार जुनें आणि फार फसवें दुखणें आहे. शेंकडों मागण्या बिनबोभाट पुऱ्या होत असतात. मध्येंच पाऊण सेकंद, कधीं दोन सेकंद, कांहींच उत्तर येत नाहीं. आणि पुन्हां जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत काम सुरू होतें. नोंदवहींत चूक नाहीं, मेमरी भरलेली नाहीं, डिस्क स्वस्थ आहे. तपासणारा म्हणतो, प्रोसेसर कमी पडत असेल. पण प्रोसेसरचा तक्ता पाहावा तर तो अर्ध्याहून अधिक मोकळा!

दोन सेकंदांचें काय एवढें, असें कोणी विचारील. एकटादुकटा माणूस दोन सेकंद थांबतो, त्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु सर्व्हरपुढें बहुधा माणूस उभा नसून दुसरा प्रोग्रॅम उभा असतो, आणि त्याला ठराविक वेळेपलीकडे थांबूं नये अशी आज्ञा दिलेली असते. वेळ संपली कीं तो तीच मागणी पुन्हां करतो. पहिली मागणी अजून रांगेंतच असते. तिच्या मागें दुसरी येऊन उभी राहते. खोळंबा संपतो तेव्हां सर्व्हरपुढें नेहमींच्या दुप्पट-तिप्पट काम सांचलेलें असतें आणि त्या ओझ्यानें तो पुन्हां खोळंबतो. लहानशा अडखळण्यांतून संपूर्ण सेवा कोलमडते ती या रीतीनें.

प्रोसेसरचा वेळ वांटला कसा जातो, हें प्रथम ध्यानांत घेतलें म्हणजे या गूढाचा निम्मा भाग उकलतो. महाराष्ट्रांतील कालव्यांवर शेजपाळीची पद्धति आहे. ज्यांनीं पाण्याची मागणी नोंदविली, त्यांचीं शेतें क्रमानें भिजतात. एकाचें भिजलें कीं दुसऱ्याची पाळी, आणि ही पाळी चालविणारा तो पाटकरी. संगणकांतही एक पाटकरी असतो. प्रोग्रॅम शेंकडों, प्रोसेसर दहा-पांच. तेव्हां प्रत्येकाला कांहीं हजारांश सेकंद देऊन उठवायचें आणि दुसऱ्याला बसवायचें, हा त्याचा अखंड उद्योग. लिनक्स या कार्यप्रणालींत २००७ सालीं इंगो मोल्नार या हंगेरियन प्रोग्रॅमरानें लिहिलेला पाटकरी आला. त्याचा न्याय साधा होता: आजवर ज्याच्या वांट्याला सर्वांत कमी वेळ आला असेल, त्याला पुढची पाळी. २०२३ सालीं ६.६ या आवृत्तीपासून त्याची जागा नव्या पद्धतीनें घेतली. तींत किती मिळालें याबरोबरच किती लवकर मिळालें पाहिजे, याचाही हिशेब धरला जातो. न्यायाचा गाभा मात्र तोच राहिला.

या वांटणींत कमीजास्त करण्यासाठीं प्रत्येक प्रोग्रॅमला उणे २० पासून १९ पर्यंत एक अंक देतां येतो. त्या अंकाला नाइस, म्हणजे सौजन्याचा अंक म्हणतात. अंक जितका मोठा, तितका तो प्रोग्रॅम दुसऱ्यांना अधिक वाट करून देतो. एका प्रोसेसरवर शून्य अंकाचा एक आणि १९ अंकाचा दुसरा असे दोन भुकेले प्रोग्रॅम बसविले, तर वांटणी १०२४ ला १५ या प्रमाणांत होते. शंभरांतील साडेअठ्ठ्याण्णव भाग पहिला नेतो आणि सौजन्याच्या पदरीं दीड भाग पडतो. जगाच्या रीतीहून हें फारसें निराळें नाहीं. हे दोन आंकडे पुढें कामाला येणार आहेत.

आतां खोळंबलेल्या सर्व्हरकडे वळावयाचें. वैद्य ज्याप्रमाणें ताप कोणत्या जातीचा हें आधीं ठरवितो, त्याप्रमाणें येथें एकच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे: खोळंब्याच्या क्षणीं सर्व्हर पाळीच्या रांगेंत उभा होता, कीं रांगेंतच नव्हता? चालण्यास तयार असून प्रोसेसर मिळत नाहीं ही एक अवस्था. दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत निजला आहे ही दुसरी. वरून पाहणाराला दोन्ही सारख्याच दिसतात, पण त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत.

सुदैवानें लिनक्स याची नोंद ठेवतो. प्रत्येक प्रोग्रॅमच्या नांवें तीन आंकडे लिहिलेले असतात: प्रोसेसरवर प्रत्यक्ष किती काळ चालला, तयार असून रांगेंत किती काळ तिष्ठला, आणि किती वेळां पाळी मिळाली. खेरीज, पाळी किती वेळां आपण होऊन सोडली आणि किती वेळां हिसकावून घेतली गेली, हाही हिशेब असतो. खोळंब्यापूर्वींचा आणि नंतरचा आंकडा घेऊन वजाबाकी करावी, म्हणजे उत्तर मिळतें. इतकी सोपी गोष्ट पुष्कळ ठिकाणीं केली जात नाहीं, आणि लोक एक मिनिटाच्या सरासरीकडे टक लावून बसतात. साठ सेकंदांपैकीं दोन सेकंद प्राण कंठाशीं आले आणि अठ्ठावन्न सेकंद शांततेंत गेले, तर सरासरी शांतताच दाखविणार. सरासरी भार म्हणून जो प्रसिद्ध आंकडा आहे, तोही जपूनच वाचावा लागतो; कारण लिनक्समध्यें त्यांत प्रोसेसरची वाट पाहणारे आणि डिस्कची वाट पाहणारे असे दोघेही मोजले जातात. २०१८ च्या अखेरीस निघालेल्या ४.२० या आवृत्तीपासून याहून चांगलें साधन मिळालें आहे. गेल्या दहा, साठ आणि तीनशें सेकंदांत प्रोसेसरवांचून काम अडलें असा काळ शेंकडा किती होता, हें तें सरळ सांगतें.

रांगेंतील तिष्ठणें मोठें निघालें, तर प्रतिस्पर्धी शोधावा. तो बहुधा घरांतलाच असतो: मध्यरात्रीं नकला काढून त्या दाबून ठेवणारा, जुन्या नोंदी चाळणारा, किंवा कोणीं तरी प्रयोगादाखल सुरू करून विसरून गेलेला. त्याचा सौजन्याचा अंक वाढवावा, किंवा त्याला निराळ्या प्रोसेसरांवर बसवावें. संगणक भाड्याचा आणि आभासी असेल, तर प्रतिस्पर्धी शेजारच्या घरांतलाही असूं शकतो. अशा वेळीं चोरलेला वेळ या नांवाचा जो निराळा रकाना असतो तो पाहावा. हा प्रकार तेवढ्यावर संपतो.

खरी परीक्षा दुसऱ्या प्रकारांत आहे. रांगेंत तिष्ठल्याची नोंद नाहीं, तरी सर्व्हर उभा. अशा वेळीं तो बहुधा एखाद्या कुलुपापाशीं थांबलेला असतो. दोन कामांनीं एकाच वेळीं एकच यादी बदलूं नये म्हणून प्रोग्रॅममध्यें अशीं कुलुपें ठेवावीं लागतात. एकानें कुलूप लावलें कीं तें निघेपर्यंत दुसरा थांबतो. कुलूप क्षणभरच लागतें असें गृहीत असतें. परंतु कुलूप लावल्यावर, काढण्यापूर्वीं, लावणाराचीच पाळी संपली तर? आणि तो लावणारा म्हणजे दयाळू व्यवस्थापकानें १९ अंकावर ढकललेलें एखादें किरकोळ काम असेल, तर? शंभरांतील दीड भागावर तें जगत आहे. कुलूप त्याच्या हातांत. आणि साडेअठ्ठ्याण्णव भागांचा मानकरी दाराशीं उभा. सर्व्हरला जपण्यासाठीं केलेला उपायच सर्व्हरच्या मुळावर येतो. या विपरीत स्थितीचें वर्णन बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनीं १९८० सालीं मेसा या भाषेच्या अनुभवांवरील निबंधांत केलें होतें. तिला अग्रक्रमाचा उलटापालट म्हणतां येईल. तिचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पृथ्वीवर घडलेलें नाहीं.

१९९७ च्या जुलैच्या ४ तारखेस अमेरिकेच्या नासा संस्थेचें पाथफाइंडर हें यान मंगळावरील एरीस व्हॅलिस या प्रदेशांत उतरलें. सोजर्नर नांवाची सुमारें साडेदहा किलो वजनाची सहाचाकी गाडी त्यानें बरोबर नेली होती. छायाचित्रें येऊं लागलीं, जगभर कौतुक झालें. आणि थोड्याच दिवसांत यानाचा संगणक मधूनमधून आपोआप नव्यानें सुरू होऊं लागला. मिळविलेली माहिती त्यामुळें सगळी नष्ट होत नसे, पण त्या दिवसाचीं उरलेलीं कामें दुसऱ्या दिवसावर जात. यानाची अपेक्षित आयुर्मर्यादा तीस मंगळदिवसांची आणि गाडीची तर अवघ्या सात दिवसांची. अशा हिशेबांत एक दिवस गमावणें ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय संदेश जाण्यासच दहा मिनिटांच्या वर लागत. तेथें जाऊन यंत्राचें झांकण उघडण्याची सोय अर्थातच नव्हती.

त्या संगणकांत व्हीएक्सवर्क्स नांवाची कार्यप्रणाली होती. तिचा पाटकरी लिनक्सच्या पाटकऱ्याइतका समदर्शी नाहीं. तेथें वरच्या अग्रक्रमाचें काम तयार झालें कीं खालच्याला तत्काळ उठावेंच लागतें. यानाचे निरनिराळे भाग एका सामायिक वाहिनीनें जोडलेले होते आणि तिच्यावरील देवघेव सेकंदाच्या आठव्या भागास एक याप्रमाणें फेऱ्यांनीं चाले. फेरीची आंखणी करणारें काम फार वरच्या अग्रक्रमाचें होतें. आलेली माहिती ज्याची त्याला वांटणारें काम त्याच्या जरा खालचें. प्रत्येक फेरीच्या आरंभीं आंखणी करणारा पाही, कीं मागच्या फेरींतील वांटणी पुरी झाली आहे ना. झाली नसेल, तर कांहीं तरी गंभीर बिघाड आहे असें समजून संगणक नव्यानें सुरू करावयाचा, असा नियम होता.

सर्वांत खालच्या पायऱ्यांवर हवामानाची माहिती गोळा करणारें एक गरीब काम होतें. आपली माहिती ज्या मार्गानें त्याला मिळे, त्या मार्गावर कार्यप्रणालीचें स्वतःचें एक कुलूप होतें. तें क्षणभर घेऊन सोडावें लागे. एखादे वेळीं असें होई, कीं हवामानाच्या कामानें कुलूप घेतलें आणि सोडण्यापूर्वींच मधल्या अग्रक्रमाचीं कामें जागीं झालीं. त्यांनीं त्याला उठविलें. इतक्यांत वांटणी करणाराला त्याच मार्गानें माहिती द्यावयाची होती. तो कुलुपापाशीं येऊन थांबला. आतां मधल्या कामांना त्या कुलुपाशीं कांहींच कर्तव्य नव्हतें, तरी तीं संपेपर्यंत हवामानाच्या कामाला पाळी नाहीं, त्याला पाळी नाहीं म्हणून कुलूप निघत नाहीं, आणि कुलूप निघत नाहीं म्हणून मोठ्या मानाचा वांटणीदार ताटकळत उभा. पुढची फेरी येई, आंखणी करणारा वांटणी अपुरी पाही, आणि संगणक नव्यानें सुरू करी. प्रत्येकानें आपआपला नियम अक्षरशः पाळला होता.

निदान झालें तें पृथ्वीवरील जुळ्या संगणकावर. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींतील उड्डाण-प्रोग्रॅमांच्या गटानें, ज्याचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज हे होते, तेथें तशाच परिस्थितीचा देखावा उभा करून, कोणतें काम केव्हां उठलें, केव्हां बसलें, कोणतें कुलूप कोणीं घेतलें याची सविस्तर नोंद चालू ठेवली. आणि तो प्रसंग पुन्हां घडेपर्यंत यंत्र चालविलें. नोंदींत सारा प्रकार स्पष्ट दिसला. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं उड्डाणापूर्वींच्या चांचण्यांतही असें नव्यानें सुरू होणें क्वचित् दिसलें होतें. पण तें हुकमी घडवून आणतां आलें नव्हतें, आणि सर्वांचें लक्ष यान सुखरूप उतरविणाऱ्या प्रोग्रॅमकडे लागलें होतें. तें लागणें योग्यच होतें. यान उतरलेंच नसतें तर हवामानाच्या कुलुपाची चौकशी कोणी केली नसती. मंगळावर संदेशांची गति अपेक्षेहून चांगली मिळाली, त्यामुळें कामें वाढलीं, आणि जें चांचणींत क्वचित् घडे तें वरचेवर घडूं लागलें.

उपाय आधींच तयार होता. लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत तो सविस्तर मांडला आहे: कुलूप ज्याच्या हातीं असेल, त्याला वाट पाहणाऱ्यांपैकीं सर्वांत मोठ्याचा अग्रक्रम तेवढ्यापुरता उसना द्यावा. मग मधलीं कामें त्याला उठवूं शकत नाहींत. तो कुलूप काढतो आणि पुन्हां आपल्या पायरीवर येतो. व्हीएक्सवर्क्समध्यें ही सोय होती, पण त्या कुलुपापुरती ती बंद ठेवलेली होती. ती सुरू करणारा लहानसा बदल मंगळावर पाठविला गेला आणि संगणकाचें तें दुखणें थांबलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या परिषदेंत ही हकीकत सांगितली गेली, तेव्हां निबंधाचे तिन्ही लेखक सभागृहांत हजर होते. यानाशीं शेवटचा संपर्क २७ सप्टेंबर रोजीं झाला. सात दिवसांची गाडी तोंवर त्र्याऐंशीं मंगळदिवस चालली होती.

पृथ्वीवरील सर्व्हर लिहिणाऱ्यांपैकीं कांहींजण कुलुपापाशीं निजून वाट पाहण्याऐवजीं, निघालें का, निघालें का, असें अखंड विचारीत उभे राहतात. थोड्या वेळाचें काम असेल तर तें जलद वाटतें. परंतु हा विचारणारा प्रोसेसर अडवून बसतो, आणि ज्याला तो प्रोसेसर मिळाला असता तर कुलूप निघालें असतें, तोच बाहेर राहतो. पाटकऱ्याला तर हा प्रश्न विचारणारा मोठा उद्योगी दिसतो, आणि तो त्याला पाळी देत राहतो. जानेवारी २०२० मध्यें या विषयावर एक गाजलेला वाद झाला. खेळांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एकानें लिनक्सच्या पाटकऱ्यावर ठपका ठेवला असतां, लिनक्सचे मूळ कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनीं उत्तर दिलें, कीं आपण वाट पाहत आहों हें कार्यप्रणालीला कळविणारें कुलूप वापरावें. न कळविणारानें पाटकऱ्याला दोष देऊं नये. उत्तराचा सूर कठोर होता, पण मुद्दा बिनतोड होता.

उरला तो अगदीं अलीकडचा आणि आज सर्वांत जास्त आढळणारा प्रकार: ठरवून दिलेला वांटा. एका मोठ्या संगणकावर अनेक सर्व्हर ठेवावयाचे, आणि प्रत्येकाला प्रोसेसरचा वेळ मोजून द्यावयाचा, अशी रीत आतां सर्वत्र झाली आहे. २०१२ च्या आरंभापासून लिनक्समध्यें याची सोय आहे. हिशेब सामान्यतः शंभर हजारांश सेकंदांच्या हप्त्यानें चालतो. एखाद्या सर्व्हरला दोन प्रोसेसरांइतका वेळ मंजूर केला, म्हणजे प्रत्येक हप्त्यांत त्याला दोनशें हजारांश मिळाले. आतां त्या संगणकांत सोळा प्रोसेसर आहेत, आणि सर्व्हरनें सोळा थ्रेड एकदम कामाला लावले. सोळा सऱ्यांना एकाच वेळीं पाणी सोडलें. साडेबारा हजारांशांत मंजूर पाणी संपलें. पाटकऱ्यानें दार लावलें, आणि हप्त्याचे उरलेले साडेसत्त्याऐंशीं हजारांश संपूर्ण सर्व्हर उभा! बाकीचे प्रोसेसर या वेळीं रिकामे असले तरी त्याला मिळत नाहींत. काम हलकें व्हावें म्हणून कोणी थ्रेड वाढविले, तर दार अधिकच लवकर लागतें. ज्याला मोकळ्या प्रोसेसरचा तक्ता आणि खोळंबलेला सर्व्हर एकत्र दिसले, त्यानें प्रथम येथें पाहावें. एकूण हप्ते किती, त्यांपैकीं कितींत दार लागलें, आणि एकंदर किती काळ लागलेलें राहिलें, हे तीन आंकडे गटाच्या हिशेबांत लिहिलेले असतात. सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहींत त्याचा मागमूस नसतो, कारण निजलेल्याला आपण निजल्याचें कळत नाहीं.

या हिशेबांत खुद्द पाटकऱ्याचीही एक लबाडी उघडकीस आली. मंजूर वेळ प्रोसेसरांना पांच-पांच हजारांशांच्या तुकड्यांनीं वांटला जातो, आणि काम संपल्यावर प्रत्येक प्रोसेसर त्यांतील एखादा हजारांश आपल्यापाशीं राखतो. २०१८ सालच्या ४.१८ या आवृत्तींत केलेल्या एका दुरुस्तीमुळें असे राखलेले तुकडे हप्त्याच्या अखेरीस खरोखरच बाद होऊं लागले. प्रोसेसर पुष्कळ आणि थ्रेडही पुष्कळ असले, म्हणजे सर्व्हरनें आपला वांटा पुरा वापरलेला नसतांही त्याचें दार लागे. इंडीड या नोकऱ्या शोधून देणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनीं हा प्रकार उकलून काढला आणि २०१९ सालीं ५.४ या आवृत्तींत बाद करण्याचा नियमच काढून टाकण्यांत आला. २०२१ सालच्या ५.१४ या आवृत्तीपासून, मागें न वापरलेला वेळ पुढील गर्दीसाठीं कांहीं मर्यादेपर्यंत सांठविण्याचीही मुभा आहे.

राहिला प्रश्न थ्रेडांच्या संख्येचा. जावा भाषेचे प्रोग्रॅम पूर्वीं संगणकांत किती प्रोसेसर आहेत तेवढें मोजून तितके मदतनीस उभे करीत. आपल्याला मंजूर किती झालें हें त्यांना ठाऊकच नसे. २०१८ च्या दहाव्या आवृत्तीपासून जावा मंजूर वांटा वाचूं लागली. गो भाषेंत ही सुधारणा १.२५ या आवृत्तीबरोबर ऑगस्ट २०२५ मध्यें आली. त्यापूर्वींच्या गो आवृत्तींत बांधलेले सर्व्हर चालविणाऱ्यांस मात्र ती संख्या आपल्या हातानेंच लिहून द्यावी लागते.